एक माणूस, तीन याद्या

कोविडच्या साथीत केंद्र, राज्य आणि महापालिका यांच्यात समन्वय होता की नव्हता, यावर पुण्यात आजही तावातावाने चर्चा होते. बहुतेक वेळा ती टाळेबंदी, लस आणि ऑक्सिजन यांभोवती फिरते. माझा या समन्वयाशी संबंध आला तो वेगळ्याच जागी, रुग्णांच्या याद्यांमध्ये. मी गणित शिकवते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ अन्वये २०२० च्या उन्हाळ्यात माझी आणि माझ्यासारख्या अनेक शिक्षकांची सेवा अधिग्रहित झाली. काहींना घरोघरच्या सर्वेक्षणाचे काम मिळाले, काहींना विलगीकरण केंद्रांचे, आणि मला पुण्यातील एका कोविड नियंत्रण कक्षात रुग्णांच्या याद्या जुळवण्याचे काम मिळाले. त्या कामाचा हा अनुभव मी लिहून ठेवते आहे, कारण तीन पातळ्यांवरची सरकारे एकत्र काम करतात म्हणजे प्रत्यक्षात काय घडते, हे मला तिथे समजले.

अधिकारांची रचना आधी सांगते, कारण पुढचे सारे त्यावरच उभे आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय आहे, तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात साथ पसरू न देणे हा समवर्ती सूचीतील विषय आहे. मार्च २०२० मध्ये राज्याने १८९७ चा साथरोग अधिनियम लागू केला. हा कायदा मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या काळातला, आणि त्या वेळच्या सक्तीच्या घरझडत्यांच्या आठवणी या शहराच्या इतिहासात खोलवर आहेत. त्याच्या आधारे १४ मार्चला राज्याने नियमावली काढली आणि जिल्हाधिकारी तसेच महापालिका आयुक्त यांना आपापल्या हद्दीत सक्षम प्राधिकारी केले. दहा दिवसांनी केंद्राने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली देशभर टाळेबंदीचा आदेश काढला. म्हणजे एकाच शहरावर दोन कायदे एकाच वेळी लागू होते. एकाची सूत्रे मुंबईत होती, दुसऱ्याची दिल्लीत, आणि दोन्हींची अंमलबजावणी त्याच मोजक्या अधिकाऱ्यांकडे होती.

पुण्यात यात आणखी एक गुंतागुंत होती. लोकांच्या बोलण्यातले ‘पुणे’ एकच असले, तरी कारभाराच्या दृष्टीने ते पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका, जिल्हा परिषदेच्या हद्दीतील ग्रामीण भाग आणि पुणे, खडकी व देहूरोड ही तीन कटक मंडळे (कँटोन्मेंट बोर्ड) असे विभागलेले होते. कटक मंडळे तर थेट केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, पण महापालिका आयुक्त त्यांच्या हाताखालचे नसतात. त्यामुळे सर्वांना एका टेबलाभोवती आणण्याचे काम विभागीय आयुक्त कार्यालयाकडे आले, आणि त्यावर तत्कालीन पालकमंत्री अजित पवार यांची आढावा बैठक बहुतेक आठवड्यांत होत असे. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या कक्षात आकड्यांची मागणी वाढायची, हे मला पहिल्याच आठवड्यात कळले.

माझ्यासमोर तीन याद्या असत. पहिली, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या पोर्टलवरची. देशातील कोणत्याही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने, मग ती पाषाणची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था असो की खासगी प्रयोगशाळा, चाचणीचा निकाल या पोर्टलवर भरणे बंधनकारक होते. स्वॅब घेताना नमुन्याच्या नोंदणी-अर्जाचा, म्हणजे एसआरएफ क्रमांक तयार होई आणि निकाल भरल्यावर आयसीएमआर क्रमांक मिळे. दुसरी यादी राज्याच्या पोर्टलवरची. रुग्ण कोणत्या जिल्ह्याचा, कुठे दाखल, बरा झाला की दगावला, हे तिच्यात भरले जाई, आणि राज्याचे संध्याकाळचे पत्रक त्यावरून निघे. तिसरी यादी आमची, म्हणजे क्षेत्रीय कार्यालयांकडून आलेली. तिच्यात घराचा खरा पत्ता, घरातील माणसे, संपर्कातील लोक आणि रुग्ण आज कुठे आहे, हे सारे असे. पहिली यादी चाचणीची, दुसरी हिशेबाची आणि तिसरी माणसाची, अशी त्यांची विभागणी मी मनाशी केली होती. एक रुग्ण तीनही याद्यांत एकदाच आणि त्याच स्थितीत दिसला पाहिजे, हे आमचे काम. ऐकायला ते सोपे वाटते.

अडचण नावापासून सुरू होई. पोर्टलवर नावे इंग्रजीत भरली जात, आणि एकच मराठी आडनाव तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेले सापडे. लग्न झालेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर आधारवर माहेरचे नाव, रुग्णालयात सासरचे नाव आणि प्रयोगशाळेत फक्त पहिले नाव, असे हमखास होई. वय एखाद्या वर्षाने पुढे-मागे असे. मोबाईल क्रमांकावरून जुळवावे म्हटले, तर एका घरातील पाच जणांना एकच क्रमांक लावलेला असे, आणि एका खासगी प्रयोगशाळेच्या कित्येक नोंदींमध्ये स्वॅब गोळा करणाऱ्या मुलाचाच क्रमांक भरलेला होता. त्या क्रमांकावर फोन केला की तो बिचारा नम्रपणे सांगे, “मॅडम, ते पेशंट माझे नाहीत, मी फक्त सॅम्पल घेऊन आलो होतो.” जुलै २०२० मध्ये रॅपिड अँटिजेन चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा सकाळी अँटिजेन आणि संध्याकाळी आरटीपीसीआर करून घेणारी माणसे यादीत दोनदा पॉझिटिव्ह दिसू लागली. त्यांना एक करताना कोणती नोंद ठेवायची याचा नियम राज्याकडून आला, आणि तो आल्यावर आमचे काम खरोखरच हलके झाले. नियम एकाच ठिकाणाहून आणि लेखी यावा, एवढीच तेव्हा आमची अपेक्षा असे.

पत्त्याचा प्रश्न नावाहून अवघड होता. पुण्याच्या रुग्णालयांत आणि प्रयोगशाळांत सातारा, सोलापूर, नगर येथील माणसे नेहमीच येतात. त्यांचा निकाल पुण्यातून भरला गेला की पोर्टल त्यांना पुण्याचे धरी. अशा प्रत्येक रुग्णाची नोंद त्याच्या मूळ जिल्ह्याकडे वर्ग करायची आणि तो जिल्हा ती स्वीकारेपर्यंत पाठपुरावा करायचा. तोवर तो ना त्यांच्या सर्वेक्षणात, ना आमच्या. शहराच्या कडेला तर प्रत्येक फोन म्हणजे हद्दीचा प्रश्न. “ताई, आम्ही पुण्याचेच की,” असे वाघोलीची एक बाई मला ठामपणे म्हणाली. त्यांच्या पत्त्यातही पुणे होते. पण तेव्हा वाघोली जिल्हा परिषदेच्या हद्दीत होती, म्हणजे त्यांच्या घरी जायचे होते ते आशाताईंनी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पथकाने. आमचे पथक तिथे जाऊ शकत नव्हते. मी त्यांची नोंद ग्रामीणकडे पाठवली आणि तिकडच्या सहकाऱ्याला स्वतः फोन करून कळवले. पोर्टलवर नोंद वर्ग करणे आणि समोरच्या माणसाने ती हातात घेणे यांत एक दिवस गेला, तर त्या घरातील इतर माणसांची तपासणी एक दिवस लांबते. म्हणून आम्ही चार कक्षांतील कर्मचाऱ्यांनी आमचा एक व्हॉट्सॲप गट केला. त्याला कोणत्याही परिपत्रकाचा आधार नव्हता, पण पुणे, पिंपरी-चिंचवड, ग्रामीण आणि कटक मंडळे यांच्यातला सर्वांत वेगवान समन्वय तोच होता, असे मी विचारपूर्वक म्हणते.

पुढे ३० जून २०२१ रोजी २३ गावे महापालिकेत आली आणि वाघोली त्यांपैकी एक होती. साथ चालू असतानाच हद्द बदलली. एकाच गल्लीतील मेमधला रुग्ण ग्रामीणचा आणि जुलैमधला शहराचा, अशी स्थिती त्यामुळे झाली, आणि जुने अर्ज, जुने पत्ते, ग्रामपंचायतीचे शिक्के पुढे कित्येक महिने येत राहिले.

हे सारे केवळ कारकुनी वाटेल. मलाही सुरुवातीला त्याचे वजन जाणवले नव्हते. १६ जून २०२० रोजी राज्याने आधीच्या काळातील १,३२८ मृत्यू एकदम आकडेवारीत समाविष्ट केले, तेव्हा ते जाणवले. रुग्णालयांकडे, महापालिकांकडे आणि पोर्टलवर वेगवेगळी असलेली माहिती जुळवल्यावर निघालेला हा फरक होता. वृत्तवाहिन्यांनी लपवाछपवीचा आरोप केला. मी ज्या खुर्चीत बसले होते तिथून मला त्यात मुख्यतः न जुळलेल्या नोंदी दिसत होत्या. तरीही लोकांचा राग मला अयोग्य वाटला नाही. ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांना ते माणूस सरकारच्या यादीत का नाही, हे विचारण्याचा पूर्ण अधिकार होता, आणि ‘मेळ लावणे चालू आहे’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. त्यानंतर मृत्यूच्या नोंदींना आमच्याकडे सर्वांत आधी हात लागू लागला. रुग्णालयाचा अहवाल, मृत्यू अन्वेषण समितीचा अभिप्राय आणि पोर्टलवरची नोंद हे तिन्ही एकत्र आल्याशिवाय ती ओळ पूर्ण झाली असे आम्ही मानत नसू.

सक्रिय रुग्णांच्या आकड्याचे महत्त्व दुसऱ्या लाटेत कळले, आणि ते अतिशय कठीण पद्धतीने कळले. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजन आणि रेमडेसिव्हिर यांचे वाटप केंद्राने राज्यांना ठरवून द्यायला सुरुवात केली. ऑक्सिजनच्या गरजेचे गणित सक्रिय रुग्णांवरून मांडले जात होते. किती टक्के रुग्णांना ऑक्सिजन लागेल, साध्या ऑक्सिजन खाटेवर मिनिटाला १० लिटर आणि अतिदक्षता खाटेवर २४ लिटर, अशी गृहीतके त्यात होती. म्हणजे आमच्या यादीत बरा होऊन घरी गेलेला रुग्ण ‘सक्रिय’च राहिला, तर गरज फुगलेली दिसणार आणि पुढच्या वेळी आमच्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि दाखल असलेला रुग्ण दहा दिवस झाले म्हणून बरा दाखवला गेला, तर त्याच्या वाट्याचा ऑक्सिजन कागदावरूनच नाहीसा होणार. मी शाळेत वर्षानुवर्षे शेकडेवारी शिकवली आहे. एका रकान्यातील चुकीचा शेकडा एखाद्या रुग्णालयाच्या टाकीपर्यंत जाऊन पोहोचतो, हे मी तेव्हा प्रथमच पाहिले.

त्या आठवड्यांत कामाची साखळी अशी होती: केंद्र राज्याचा कोटा ठरवी, राज्य जिल्ह्याचा, आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचा नियंत्रण कक्ष रुग्णालयनिहाय वाटप करी. राज्याने आपल्याकडील सगळा ऑक्सिजन उद्योगांकडून वळवून रुग्णालयांना दिला होता, तरी तो पुरत नव्हता. विशाखापट्टणमहून टँकर आणण्यासाठी कळंबोलीहून रेल्वेगाडी गेली, आणि पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून हवाई दलाच्या विमानांनी रिकामे टँकर जामनगरला नेले. रस्त्याने एका बाजूला लागणारा वेळ त्यामुळे वाचला. राज्य, रेल्वे आणि हवाई दल एकत्र आल्याशिवाय हे झाले नसते, आणि ते झाले याबद्दल मला आजही मनापासून कृतज्ञता वाटते. पण आमच्या कक्षात त्याच दिवसांत असे फोन येत की ज्यांना आमच्याजवळ उत्तर नव्हते. खाट कुठे मिळेल, हे विचारणाऱ्याला डॅशबोर्डवरचा आकडा सांगायचा, आणि तो आकडा तासाभरापूर्वीचा आहे हे आम्हाला ठाऊक असायचे. रुग्णालयांनी खाटांची माहिती ठरावीक वेळांना भरायची होती. रुग्ण ठरावीक वेळांना येत नव्हते.

आकडा कोणत्या हद्दीचा, हा प्रश्न मे २०२१ मध्ये थेट उच्च न्यायालयापर्यंत गेला. पुण्यात कडक टाळेबंदीचा विचार करावा, असे न्यायालयाने सुचवले, तेव्हा न्यायालयासमोर आलेला सक्रिय रुग्णांचा आकडा संपूर्ण जिल्ह्याचा आहे आणि शहराचा त्याहून बराच कमी आहे, असे महापालिकेला सांगावे लागले. आमच्या कक्षात त्या दिवशी कोणाला फारसे आश्चर्य वाटले नाही. ‘पुणे’ या एका शीर्षकाखाली कोणता रकाना जातो, यावर आम्ही वर्षभर रोज बोलत होतो.

लसीकरणाने मला या सर्व कामाची दुसरी बाजू दाखवली. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे सीरमच्या मांजरीच्या प्रकल्पातून कोविशिल्डचे पहिले खोके विमानतळाकडे निघाले, तेव्हा लस आपल्या शहरात तयार होते म्हणजे आपल्याला लवकर मिळेल, असे अनेक पुणेकरांना वाटले. तसे होणार नव्हते. लस केंद्र खरेदी करी, राज्याला देई, राज्याच्या लसभांडारातून ती जिल्ह्यांना जाई आणि तिथून केंद्रांवर. प्रकल्पाजवळच्या हडपसरमधील आरोग्य केंद्रालाही त्याच वाटेने ती मिळायची. मात्र नोंदीच्या बाबतीत कोविन हे पोर्टल पहिल्या दिवसापासून एकच होते. एक माणूस, एक ओळखपत्र, एक क्रमांक. पहिली मात्रा कोथरूडला आणि दुसरी लातूरला घेतली तरी नोंद तीच. चाचण्यांच्या बाबतीत आम्ही वर्षभर जे हाताने जुळवत होतो, ते इथे जुळवावेच लागत नव्हते. अर्थात, नोंद एक असली म्हणजे न्याय झाला असे नाही. १ मेपासून १८ ते ४४ या वयोगटासाठी खरेदीचा भार राज्यांवर आणि खासगी रुग्णालयांवर आला, नोंदणी फक्त ऑनलाइन होती, आणि शहरातील चपळ बोटांची मुले मोटारीने मुळशी-भोरच्या केंद्रांवर जाऊन लस घेऊ लागली. तिथल्या गावकऱ्यांना आपल्याच गावात रांगेत जागा मिळेना. त्यांचा संताप रास्त होता. २१ जूनपासून केंद्राने पुन्हा ७५ टक्के लस स्वतः खरेदी करून राज्यांना मोफत द्यायला सुरुवात केली. खरेदीची जबाबदारी वरच्या पातळीवर, वितरणाची खालच्या पातळीवर आणि नोंद सर्वांची एक, ही विभागणी सर्वांत चांगली चालली, असे माझे मत आहे. राज्याराज्यांनी लसीसाठी स्वतंत्रपणे जागतिक निविदा काढण्याचे ते आठवडे वाया गेले.

माझी शाळेत परत नेमणूक झाली, तरी याद्यांशी संबंध सुटला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी कोविडने मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबीयांना साहाय्य देण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे करण्यास राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला सांगितले. प्राधिकरणाने ५०,००० रुपयांची शिफारस केली, रक्कम राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून द्यायची ठरली, आणि महाराष्ट्राने २६ नोव्हेंबर २०२१ च्या शासन निर्णयाने ऑनलाइन अर्ज मागवले. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू, मग तो रुग्णालयाबाहेर झाला असला तरी, कोविडचा मानायचा, हा निकष दिल्लीहून आला होता आणि तो अत्यंत आवश्यक होता. शाळेतल्या काही मुलांच्या घरी असे मृत्यू झाले होते. त्यांच्या आईंना अर्ज भरून देण्याचे काम मी आपणहून घेतले.

अर्जात आधार क्रमांक, बँक खाते, मृत्यूचा दाखला आणि मृत व्यक्तीचा तपशील भरायचा. हा तपशील सरकारी यादीतल्या नोंदीशी जुळला, तर पुढची वाट सरळ होती. एका विद्यार्थिनीच्या वडिलांचे प्रकरण असे चटकन मंजूर झाले. दुसऱ्या एका बाईंच्या पतीची नोंद मात्र सापडेना. ते एप्रिल २०२१ मध्ये घरीच वारले होते. चाचणी एका शिबिरात झाली होती, आणि कागद म्हणून फक्त मोबाईलवर आलेला निकालाचा संदेश होता. त्यात एसआरएफ क्रमांक होता. त्या क्रमांकावरून शोधल्यावर नोंद निघाली, पण नावात पहिल्या अक्षराची चूक होती आणि पत्ता शेजारच्या तालुक्यातला होता. तक्रार निवारण समितीकडे आम्ही अर्ज केला. सोबत शेजाऱ्यांचे जबाब, डॉक्टरांची चिठ्ठी आणि तो संदेश जोडला. समितीतील डॉक्टरांनी सगळे कागद नीट वाचले, बाईंना तारखा शांतपणे विचारल्या आणि पुढच्या बैठकीत मृत्यू कोविडचा म्हणून मान्य केला. पैसे खात्यात जमा झाल्यावर बाईंनी मुलाची थकलेली फी आणि सासऱ्यांचे औषधांचे बिल भागवले. ५०,००० रुपयांनी कोणाचे घर उभे राहत नाही, पण पतीचा मृत्यू कशाने झाला हे सरकारने लेखी मान्य केले, याला त्यांच्या लेखी पैशांहून अधिक किंमत होती. तसे त्यांनी मला सांगितले.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत गुईलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंवर परिणाम करणाऱ्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा मी बातम्या बारकाईने वाचत होते. आजार संसर्गातून माणसामाणसांत पसरणारा नव्हता, संशय पाण्यावर होता. पण कामाची पद्धत ओळखीची होती. केंद्राने सात जणांचे पथक पाठवले, राज्याचे शीघ्र प्रतिसाद पथक आले, नमुने राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे गेले आणि महापालिकेने घरोघर सर्वेक्षण केले. राज्याच्या दैनिक पत्रकात रुग्ण पाच रकान्यांत दिलेले होते: पुणे महापालिका, महापालिकेत नव्याने समाविष्ट झालेली गावे, पिंपरी-चिंचवड, पुणे ग्रामीण आणि इतर जिल्हे. समाविष्ट गावांचा रकाना वेगळा होता आणि सर्वाधिक रुग्ण त्यातच होते, त्यामुळे पाणीपुरवठ्याचा प्रश्न नेमका कोणत्या भागात आहे हे पत्रक वाचणाऱ्या कोणालाही दिसत होते. २०२० मध्ये हा रकाना मिळावा म्हणून आम्ही किती वेळा टिपण पाठवले असते. मी तो कागद छापून घेतला आणि नववीच्या वर्गात सांख्यिकीच्या पाठाला फळ्यावर त्याचाच तक्ता काढला. मुलांनी पहिला प्रश्न विचारला तो रकान्यांबद्दलच, की समाविष्ट गावे वेगळी का दाखवली आहेत.